बागेंतली दगडी भिंत

घरामागच्या बागेंत चुना किंवा सिमेंट न वापरतां नुसत्या दगडावर दगड रचून भिंत घालण्याची हौस इंग्लंडांत पुष्कळ आहे. अशा भिंतीच्या फटींतून नेचे आणि डोंगरी फुलें डोकावूं लागलीं, म्हणजे ती मनुष्यानें रचलेली नसून भूमींतूनच वर आली असावी असा भास होतो. तिच्या पूर्वजांचा इतिहास मात्र इतका प्रसन्न नाहीं.

१६०४ ते १९१४ या अवधींत तेथील पार्लमेंटनें जमिनी बंदिस्त करण्याचे ५२०० हून अधिक कायदे केले व सुमारें ६८ लक्ष एकर जमीन त्यांच्या कक्षेंत आली. यांतील बहुतेक कायदे १७५० नंतरच्या शतकांतले. गांवाचीं सामाईक कुरणें वांटलीं गेलीं, आणि ज्याच्या वांट्याला जमीन आली त्यानें आपली हद्द बंद करावी असा दंडक पडला. यॉर्कशायरच्या खोऱ्यांत दगड विपुल. म्हणून तेथें डोंगरउतारांवर सरळ रेघांसारख्या भिंती चढत गेल्या. कुरणावर एखादी गाय चारून संसार चालविणाऱ्या गरिबाला भिंतीबाहेर उभें राहावें लागलें.

परंतु त्या भिंती रचणाऱ्या हातांचें कसब थोर होतें. पायाशीं रुंद व माथ्याकडे निमुळत्या अशा दोन बाजू उभारावयाच्या, मधल्या पोकळींत बारीक दगड ठांसावयाचे, आणि मध्यावर दोन्ही बाजूंना बांधणारे लांब दगड आडवे घालावयाचे. सांध्यावर सांधा येऊं द्यावयाचा नाहीं. पाणी फटींतून निथळून जातें. जमीन थोडी खचली तरी भिंत तिच्याबरोबर बसते, तडकत नाहीं.

हें कसब बागेंत मानानें आणणाऱ्यांत गर्ट्रूड जेकिल (१८४३-१९३२) या बाईंचें नांव अग्रभागीं येतें. दृष्टि अधू झाल्यामुळें चित्रकला मागें पडली, तेव्हां त्यांनीं बागेलाच चित्रफलक केलें. पुढें नव्या दिल्लीची आखणी करणारे लट्येन्स यांनींच त्यांचें सरे परगण्यांतील घर बांधलें. भिंती व जलाशयांच्या बागांवरील १९०१ सालच्या ग्रंथांत बाईंनीं उताराला आधार देणाऱ्या भिंतींचा विचार केला आहे. दगड मागील बाजूस किंचित् कलते ठेवावे, म्हणजे पावसाचें पाणी मुळांपर्यंत पोंचतें; आणि रोपें शक्य तों भिंत रचतांनाच लावावीं, हें त्यांतील मर्म.

कोंकणांतल्या माणसाला हें सारें परकें वाटणार नाहीं. वाडीभोंवतालचा गडगा याच जातीचा. २०१८ सालीं युनेस्कोनें आठ युरोपीय देशांतील या कलेला मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें.

ज्या भिंतीनें एके काळीं गरिबाची गाय बाहेर ठेवली, तिच्याच फटींत आज फुलांना आसरा मिळतो. बागेचा मालक फुलांचीं नांवें सांगतो. जुन्या भिंती रचणाऱ्यांचीं नांवें बहुधा कोणीं लिहून ठेवलींच नाहींत.