उत्क्रांतीय सॉफ्टवेअर-समायोजन

सॉफ्टवेअरचा वेग, मेमरीचा वापर व आकार ज्या पर्यायांवर ठरतात, त्यांची सर्वांत लाभदायक जुळणी नैसर्गिक निवडीच्या तत्त्वाने शोधण्याची पद्धत. तिचा पाया असलेल्या जनुकीय अल्गोरिदमची मांडणी जॉन हॉलंड यांनी 1975 च्या ग्रंथात केली.

कार्यपद्धती : पर्यायांची प्रत्येक जुळणी म्हणजे एक ‘जीव’. अशा जुळण्यांची पहिली पिढी यदृच्छेने निवडतात, प्रत्येक जुळणीने सॉफ्टवेअर चालवून मोजमाप घेतात आणि सरस ठरलेल्या जुळण्यांच्या संकर व उत्परिवर्तनातून पुढची पिढी घडवतात. खर्च सर्वाधिक होतो तो मोजमापावर.

कंपायलरमधील उपयोग : कंपायलर प्रोग्रॅमवर सुधारणेचे अनेक टप्पे चालवतो. एका टप्प्यामुळे दुसऱ्याला वाव मिळतो किंवा त्याची वाट बंद होते. त्यामुळे एकच ठरीव क्रम सर्व प्रोग्रॅमना मानवत नाही. 15 टप्प्यांतून, पुनरावृत्ती चालते असे धरून, 10 पायऱ्यांचे क्रम लावले तरी ते सुमारे 57,665 कोटी होतात. राइस विद्यापीठातील कीथ कूपर व सहकाऱ्यांनी 1999 मध्ये प्रोग्रॅमचा आकार घटवणारे क्रम जनुकीय अल्गोरिदमने शोधले.

प्रसाद कुलकर्णी, डेव्हिड व्हॉली व सहकाऱ्यांनी 2004 मध्ये या शोधाचाच वेळ कमी केला. ज्या क्रमांसाठी प्रोग्रॅम पुन्हा चालवण्याची गरज नाही, ते ओळखून वगळल्याने शोधाचा वेळ सरासरी 65 टक्क्यांनी घटला. तासांचे काम पुष्कळदा मिनिटांवर आले. शोधाची रीत बदलल्याने तेवढ्याच फळासाठी लागणाऱ्या पिढ्या सरासरी 68 टक्क्यांनी कमी झाल्या. वेगवेगळ्या क्रमांतून अनेकदा तंतोतंत सारखाच कोड निघतो. याचा आधार घेऊन कुलकर्णी, व्हॉली व इतरांनी 2006 मध्ये बहुतेक फंक्शनांचे सर्व संभाव्य पर्याय धुंडाळून दाखवले.

अन्य उपयोग : जानेवारी 2005 मध्ये जेक मॉयलानेन यांनी लिनक्स कर्नलसाठी जनुकीय अल्गोरिदम वापरणारे पॅच मांडले. प्रोसेसरचा वेळ वाटणाऱ्या आणि डिस्कचे काम लावणाऱ्या शेड्यूलरची मापे त्यांद्वारे यंत्र चालू असतानाच बदलत. विल्यम लँग्डन व मार्क हार्मन यांनी पर्यायांऐवजी मूळ कोडच बदलला. जनुकक्रम जुळवणाऱ्या ‘बोटाय-2’ या सुमारे 50,000 ओळींच्या प्रोग्रॅमची त्यांनी घडवलेली आवृत्ती सरासरी 70 पट वेगवान ठरली (2015).

मर्यादा : निवड होते ती मोजलेल्या गुणाचीच. फक्त वेग मोजला, तर मेमरीचा वाढता वापर नजरेआड होतो. परस्परविरोधी उद्दिष्टे एकत्र तोलण्यासाठी कानपूरच्या आयआयटीतील कल्याणमय देब व सहकाऱ्यांची 2002 मधील एनएसजीए-2 ही रीत वापरतात. एका यंत्रावर व एका प्रकारच्या कामावर सरस ठरलेली जुळणी दुसरीकडे निष्प्रभ ठरू शकते. म्हणून यंत्र वा काम बदलल्यास मोजमाप नव्याने करावे लागते. कोडच बदलला असेल, तर उत्तरे बरोबर येतात का, याचीही स्वतंत्र चाचणी आवश्यक असते.