लिव्हिंग्स्टनच्या घरातला अब्दुल्ला सुसी

स्कॉटलंडमधील ब्लँटायर येथे सूतगिरणी कामगारांची एक जुनी चाळ आहे. तीन मजले, चोवीस कुटुंबे, एका कुटुंबाला एक खोली. त्यातल्याच एका खोलीत १८१३ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन जन्मला. दहाव्या वर्षी तो गिरणीत लागला. पुढे मिशनरी व संशोधक म्हणून आफ्रिकेत गाजला. १९२९ पासून ही चाळ त्याचे संग्रहालय आहे.

निरवांगीत बसून आम्ही त्याविषयी का लिहावे? कारण या घराची एक वाट मुंबई-नाशिकवरून जाते.

जून १८६४ मध्ये लिव्हिंग्स्टन आपली लहानशी आगबोट स्वतः चालवत मुंबईला आला. बरोबर आफ्रिकी तरुण होते. झांबेझीकाठचा मुसलमान अब्दुल्ला सुसी मुंबईच्या गोदीत कामाला राहिला. गुलामांच्या तांड्यातून सोडवलेल्या चुमाला डॉ. विल्सन यांच्या शाळेत घातले. नाशिकजवळ शरणपूरला मिशनने अशा मुक्त आफ्रिकी मुलांना शिकवले होते. शरणपूर रोड आजही नाशिककरांच्या तोंडी आहे. १८६६ च्या अखेरच्या मोहिमेवर सुसी, चुमा आणि नाशिकचे नऊ तरुण निघाले.

१ मे १८७३ रोजी, आजच्या झांबियात, लिव्हिंग्स्टन वारला. साथीदारांनी त्याचे काळीज तिथेच झाडाखाली पुरले. देह मीठ लावून उन्हात वाळवला, झाडाच्या सालीत व कापडात बांधला आणि हजार मैलांहून अधिक चालून फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयोच्या किनाऱ्यावर आणला. झाडाखाली प्रार्थना वाचणारा व खोडावर नाव कोरणारा जेकब वेनराइट नाशिकला शिकलेला होता. लंडनच्या दफनाला तो हजर राहिला. सुसी व चुमा पोहोचले ते दफन उरकल्यावर! तरीही लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या रोजनिशीच्या संपादकाला त्यांनीच शेवटच्या दिवसांची हकीकत पुरवली.

पूर्वी या कथेत ते ‘इमानी नोकर’ एवढेच असत. दुरुस्तीनंतर २०२१ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले, तेव्हा त्यांना नावानिशी जागा मिळाली.

आम्हाला अडचणीची गोष्टही सांगितली पाहिजे. पूर्व आफ्रिकेत माणसे विकणाऱ्यांत पोर्तुगीज होते, तसे अरब व स्वाहिली मुसलमानही होते. गुलाम मुक्त करणे सवाब मानणाऱ्या धर्माचे लोक झांजिबारचा बाजार भरवत होते. तो १८७३ मध्ये बंद झाला. सुसीचा अभिमान बाळगायचा आणि हे झाकायचे, हे आम्हाला पटत नाही.

सुसीने १८८६ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारून डेव्हिड हे नाव घेतले. म्हणून कुणी त्याला आपल्यातून वगळू पाहील. आम्ही वगळत नाही.