‘वाढ’ : एका रूपकाचा नीराकाठचा इतिहास

मराठीत नारळ फोडत नाहीत, तो वाढवतात. बांगडीही फुटत नाही, वाढते. अमंगल टाळण्याची ही रीत, असे म्हणून विषय सोडून देता येतो. परंतु वाढीत तिचा शेवट गृहीत धरणारी दृष्टी या भाषेला परकी नाही. यास्काच्या निरुक्तात वार्ष्यायणीच्या नावे नोंदलेल्या सहा भावविकारांत वाढ चौथी आहे. तिच्यामागून क्षय आणि नाश येतात. सहकारी संस्थांच्या गौरवग्रंथांनी नेमके हे शेवटचे दोन गाळले. ‘रोपट्याचा वटवृक्ष झाला’ हे त्यांचे ठरलेले वाक्य. समाजाची ‘वाढ’ हे निरीक्षण नसून रूपक आहे, असे रॉबर्ट निस्बेट यांनी १९६९ मध्ये विस्ताराने मांडले. ते रूपक आहे हे विसरले, की माणसांचे निर्णय निसर्गाच्या नावावर जमा होतात.

या वाक्याची परीक्षा घ्यायला इंदापूर तालुक्यातील भवानीनगर ही चांगली जागा आहे. तेथील श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याच्या मुळाशी बीज नाही, कालवा आहे. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला तो दुष्काळापासून पिकांचे रक्षण करण्यासाठी; पुढे त्याच्या पाण्यावर ऊस आला. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी ‘ब्लॉक’ पद्धत आणून उसाला क्षेत्राची मर्यादा आणि फेरपालट घातली. १९१० मध्ये हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे यांचा नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. कालव्याला पुरती पंचवीस वर्षेच झाली होती!

शेजारच्या वालचंदनगरचा खाजगी कारखाना १९३४ चा. त्याची वाढ विस्तीर्ण ऊसमळ्यांवर उभी होती. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने ती रोखली, आणि असे मळे १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे गेले. सहकारी कारखान्याने मळ्यांऐवजी सभासद जोडले; हा फरक मोठा आहे आणि तो मान्यच करायला हवा. तरीही प्रवरेचा पहिला गळीत हंगाम (१९५०-५१) पार पडल्यावर नीराकाठी जे उभे राहिले, ते आपोआप उगवले नव्हते. सरकारचे भागभांडवल, परवान्यांत सहकाराला दिलेले प्राधान्य आणि कालव्याचे पाणी असे तीन निर्णय त्यामागे होते. वडाच्या प्रतिमेत यांपैकी एकही दिसत नाही.

खरे तर प्रतिमा शोधायला वडापर्यंत जाण्याची गरज नव्हती. ती भोवतालच्या रानातच उभी होती. ऊस वाढीच्या भरात असतो तेव्हा त्यात साखर कमी असते. थंडी पडते, हवा कोरडी होते, वाढ मंदावते. मग कांड्यांत साखर भरू लागते. तुरा आला की शेंडा वाढायचा थांबतो. तोडणीनंतर बुडख्यातून खोडवा फुटतो, पण बहुधा लागणीएवढा उतरत नाही. यंत्राचे मात्र असे नाही. गाळपक्षमता वाढवली, की तिला पुरेल एवढा ऊस दरवर्षी हवाच. तो पुरला नाही तर हंगाम आखडतो, आणि वाढीव यंत्रासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते तेवढेच राहतात.

गाळपक्षमता आणि उतारा हे कारखानदारीतले दोन शब्द म्हणूनच एकत्र वाचावे लागतात. शेतकऱ्याचा किमान दर उताऱ्याशी बांधलेला आहे. बीड-नगरकडून कोयता घेऊन येणाऱ्या जोडप्याला मजुरी मिळते ती तोडलेल्या टनावर.