नक्षी कोणाची, माग कोणाचा

शुक्रवार पेठेतल्या एका छोट्या छापखान्यात एक जुना संगणक अजून झाकून ठेवलेला आहे. त्यावर रोजचं काम होत नाही, पण तो भंगारात घालायचीही सोय नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी जुळवलेल्या स्मरणिका, अहवाल, लग्नपत्रिकांचे मायने आणि स्थानिक इतिहासावरचं माझं एक पुस्तक, असा सगळा ऐवज त्यात आहे. तो उघडणारं मराठी सॉफ्टवेअर फक्त विंडोज ९८ वर चालतं. संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरच्या जागी आगपेटीएवढं एक कुलूप खोचलेलं असतं, धंद्यात त्याला डोंगल म्हणतात. ते काढलं की पडद्यावरचं मराठी थांबतं. दुसऱ्या आवृत्तीसाठी मजकूर मागायला मी गेलो, तेव्हा मालक म्हणाले, “काय सांगायचं सर, अक्षरं आपली, पण किल्ली त्यांच्याकडं.”

‘त्यांच्याकडं’ म्हणजे नेमकं कोणाकडे, हे त्यांनाही सांगता येईना. सॉफ्टवेअर विकणारा प्रतिनिधी कधीच यायचा बंद झाला होता. विंडोज ९८ ची देखभाल मायक्रोसॉफ्टने ११ जुलै २००६ रोजी संपवली, एक्सपीची ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. व्यापारी ऑपरेटिंग सिस्टिम खुल्या कराव्यात का, हा वाद सहसा अमेरिकेच्या संदर्भात मांडला जातो. सोलापुरात बसून त्याचा विचार करायला लागलं, की तो फार ओळखीचा वाटू लागतो. कारण भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारं यंत्र या गावाने पिढ्यान्‌पिढ्या वापरलं आहे.

सोलापुरी चादरीची नक्षी जकार्डवर उतरते. मागाच्या डोक्यावर बसवलेल्या या यंत्रात पुठ्ठ्याच्या कार्डांची एकमेकांना शिवलेली माळ फिरत असते. ढोबळपणे, एक कार्ड म्हणजे बाण्याचा एक आडवा धागा. कार्डावर भोक असेल तिथे सुई आत जाते आणि तिच्याशी जोडलेला ताण्याचा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. उचललेल्या आणि न उचललेल्या धाग्यांमधून धोटा जातो. मोर असो, वेल असो की देवळाचं शिखर, यंत्राच्या लेखी ते सगळं ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढंच असतं.

मात्र ही कार्डं थेट कोणी पाडत नाही. आधी चौकटींच्या कागदावर नक्षी रंगवली जाते. एक चौकट म्हणजे एका धाग्याची एक जागा. त्या ग्राफवरून ओळीओळीने कार्डं पाडली जातात. वादाच्या मुळाशी असलेला भेद इथेच दिसतो. तयार कार्डांची माळ विकत घेतली तर चादर विणता येते, पण मोराची मान थोडी वाकवायची असेल तर माळेकडे पाहून ते काम होत नाही, त्याला ग्राफ लागतो. विंडोजची तबकडी म्हणजे कार्डांची माळ. तिचा सोर्स कोड म्हणजे ग्राफ. ‘खुलं करा’ ही मागणी ग्राफ हातात द्या अशी आहे. माळ फुकट द्या अशी ती नाही, आणि या दोहोंतली गल्लत आपल्याकडे, विशेषतः चोरीच्या तबकड्यांच्या काळात, सर्रास झाली.

जकार्ड हे यंत्र एका माणसाच्या नावाने ओळखलं जातं, पण ते एकट्याचं नाही. फ्रान्समधल्या लिआँच्या रेशीममागांवर बाझिल बुशाँने १७२५ मध्ये भोकं पाडलेला कागद वापरून पाहिला. फाल्काँने त्याच्या जागी कार्डं आणली आणि व्होकान्साँने पुढे त्यात भर घातली. जोसेफ मारी जकार्डने हे सगळं जुळवून १८०४-०५ मध्ये चालणारं यंत्र उभं केलं. मग जे घडलं ते आजच्या वादात क्वचितच कोणी आठवतं. १८०६ मध्ये फ्रेंच सरकारने हे यंत्र सार्वजनिक मालमत्ता म्हणून जाहीर केलं. जकार्डला निवृत्तिवेतन दिलं, शिवाय प्रत्येक यंत्रामागे ठरावीक मोबदलाही दिला. म्हणजे यंत्र सर्वांचं झालं आणि करणारा उपाशी राहिला नाही. १८१२ पर्यंत फ्रान्समध्ये अशी सुमारे ११,००० यंत्रं चालू होती. सगळे खूश होते असं मात्र नाही. पोटावर पाय येणार म्हणून विणकरांनी यंत्रं जाळली, खुद्द जकार्डच्या अंगावर लोक धावून गेले. यंत्र खुलं झाल्याने विणकराचं भलं आपोआप होत नाही, हे यंत्रमागाच्या काळात हातमाग सोडावा लागलेल्या सोलापुरातल्या घरांना वेगळं सांगायला नको.

हीच भोकं पुढे संगणकात गेली. चार्ल्स बॅबेजकडे जकार्डचं रेशमात विणलेलं चित्र होतं, त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली होती. हर्मन हॉलरिथने अमेरिकेची १८९० ची जनगणना कार्डांवर मोजली आणि त्याच्या धंद्यातून पुढे आयबीएम उभी राहिली.

आणि आयबीएमच्या काळात ग्राफ बराच काळ उघडाच होता. कंपनी यंत्र भाड्याने देई, प्रोग्रॅम त्यासोबत येत आणि त्यांचा सोर्सही मिळत असे. १९५५ मध्ये यंत्र वापरणाऱ्यांनी ‘शेअर’ नावाची संघटना काढून आपापले प्रोग्रॅम एकमेकांना द्यायला सुरुवात केली. तेव्हा त्याला कोणी चळवळ म्हणत नव्हतं, शेजारणीकडून विरजण आणावं तसा तो व्यवहार होता. १९६९ मध्ये आयबीएमने सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी करायला सुरुवात केली. १९७६ मध्ये तरुण बिल गेट्सने छंदिष्टांना उघडं पत्र लिहून फुकट नकला करणं म्हणजे चोरी असल्याचं सुनावलं. १९८३ मध्ये आयबीएमने यापुढे फक्त माळ मिळेल, ग्राफ नाही, असं धोरण जाहीर केलं. त्याच वर्षी सप्टेंबरात रिचर्ड स्टॉलमनने ‘ग्नू’ची घोषणा केली. म्हणजे ‘खुलं करा’ ही कोणा स्वप्नाळूची नवी मागणी नव्हती. आधी उघडं असलेलं दार नुकतंच लागलं होतं.

युनिक्सची गोष्ट याहून मासलेवाईक आहे. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीवर १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीने दूरध्वनीबाहेरच्या धंद्याला बंदी होती. म्हणून तिच्या प्रयोगशाळेत जन्मलेलं युनिक्स विद्यापीठांना सोर्ससह नाममात्र दरात मिळालं. ऑस्ट्रेलियातल्या जॉन लायन्स या प्राध्यापकाने त्यावर ओळीओळीचं भाष्य लिहिलं. कंपनीने पुढे त्याला अटकाव केल्यावर एका पिढीने ते झेरॉक्सवर वाचलं. ते रीतसर छापलं गेलं १९९६ मध्ये. तोवर कंपनीची फाळणी झाली होती, युनिक्स महाग झालं होतं आणि फिनलंडमधल्या लायनस टोरवाल्ड्‌सने १९९१ मध्ये लिनक्सचा पहिला खर्डा लोकांपुढे ठेवला होता.

आता मराठीकडे येऊ. संगणकावर मराठी आलं ते आधी मालकीचं म्हणून आलं, आणि त्याबद्दल नाक मुरडणं कृतघ्नपणाचं होईल. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झालं. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये प्रमाण ठरली. पण छापखान्यांत चालली ती श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा संचांची आपापली मांडणी. इंग्रजीच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले, आणि प्रत्येकाची बैठक निराळी. एका संचातला ‘क’ दुसऱ्यात ‘ष’चा पाय होई. सोलापुरात जुळवलेला मजकूर पुण्याला पाठवायचा तर फाँटही सोबत पाठवावा लागे. त्या संचांवर या महाराष्ट्रातले दिवाळी अंक निघाले, हेही तितकंच खरं.

युनिकोडने ही कोंडी फोडली, पण फाँटशिवाय युनिकोड म्हणजे बाण्याविना ताणा. इथे दोन गोष्टी घडल्या. मुंबईत प्रा. जितेंद्र शहा यांच्या ‘इंडिकट्रान्स’ गटाने ‘गार्गी’ हा देवनागरी फाँट खुल्या परवान्याने दिला. आणि ‘आकृती’च्या निर्मात्या सायबरस्केप मल्टिमीडियाने नऊ भारतीय लिप्यांचे फाँट ग्नूच्या परवान्याखाली मोकळे केले. व्यापारी कंपनीने आपणहून ग्राफ बाहेर ठेवल्याचं इतकं जवळचं उदाहरण आपल्यापाशी असताना आपण नेटस्केपचे दाखले देत बसतो.

मग ऑपरेटिंग सिस्टिमलाही हेच लावावं का? माझं मत सरसकट ‘हो’ नाही. विंडोजसारख्या प्रणालीत इतरांकडून परवान्याने घेतलेले भाग असतात, ते उघडायचा हक्क विकणाऱ्यालाही नसतो. नुसतं उघडून प्रणाली जगते असंही नाही. सनने २००५ मध्ये सोलॅरिस खुलं केलं. ओरॅकलने कंपनी घेतल्यावर २०१० मध्ये नवा सोर्स देणं थांबवलं. बाहेर आलेला भाग मात्र परत घेता आला नाही, तो ‘इल्युमॉस’ नावाने चालू राहिला. उघडं म्हणजे सुरक्षित, हेही २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ने खोटं पाडलं. ती चूक दोन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडून होती.

पण टाकून दिलेल्या प्रणालीचं काय? मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरचे संगणक ओलीस धरले, तेव्हा तीन वर्षांपूर्वी वाऱ्यावर सोडलेल्या एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टला तातडीने ठिगळ द्यावं लागलं. दुसरं कोणी ते देऊच शकत नव्हतं. एमएस-डॉस ४.०० हे १९८८ चं. त्याचा सोर्स खुल्या परवान्याने आला २०२४ मध्ये, म्हणजे ३६ वर्षांनी. तोवर ती अस्थिकलशाची पूजा झाली होती.

आपला कायदा इथे गमतीदार भेद करतो. चादरीची नवी नक्षी डिझाइन कायद्याखाली नोंदवली तर १० वर्षं, वाढवून १५ वर्षं संरक्षण मिळतं. नोंदवली नाही आणि कारखान्यात तिच्या ५० हून अधिक प्रती निघाल्या, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तिच्यावरचा हक्कच संपतो. एक्कावन्नावी चादर मागावरून उतरली, की मोर गावाचा. संगणकाचा प्रोग्रॅम मात्र याच कायद्यात साहित्यकृती मानला जातो. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, प्रती कोटी निघोत की दोन कोटी. विंडोज ९८ जणू कादंबरी आहे. कादंबरी निदान वाचता येते. प्रकाशकाने पाठिंबा काढला म्हणून ती कपाटात मिटून बसत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की विकणाऱ्याने देखभाल थांबवली त्या दिवसापासून नक्षीचा नियम लागू व्हावा. पाहिजे तर जकार्डसारखा मोबदला सरकारने द्यावा. नाव त्याचं त्याने राखावं. सोलापुरी चादरीलाही भौगोलिक मानांकन आहे. त्याने नाव राखलं जातं, माग अडवला जात नाही. लिनक्स हे नावही नोंदलेलं आहेच. कंपन्या म्हणतील, जुन्यातला बराचसा कोड नव्यातही चालू आहे, तो उघडला तर चोराला वाट दाखवल्यासारखं होईल. या हरकतीत तथ्य आहे. पण मग जो माल अजून विकला जातो आहे, त्याची देखभाल संपली असं गिऱ्हाइकाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

छापखान्यातल्या मजकुराचं पुढे काम झालं. एकमेकांशी जुळवून घेण्यापुरती माहिती प्रोग्रॅममधून काढून घेण्याची मुभा आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. मालकांच्या पुतण्याने जुन्या यंत्रातून साधा मजकूर फ्लॉपीवर उतरवला. पडद्यावर नुसती रोमन अक्षरं, टिंबं आणि कंसांचा कालवा दिसत होता. कोणता तुकडा कोणतं अक्षर याचा तक्ता आम्ही छापील पुस्तकाशी ताडून दोन रविवारांत केला आणि त्यावरून युनिकोडमध्ये बदल करून घेतला. जोडाक्षरं बहुतेक नीट आली. रफार मात्र सगळीकडे एक घर पुढे सरकले आहेत, आणि सध्या २१२ पानांतले रफार हाताने मागे आणण्याचं काम चालू आहे.