पराभूतांचा कौल : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

शेवटच्या रात्री स्पर्धकाने अशा लोकांसमोर उभे राहायचे, ज्यांना खेळाबाहेर काढण्यात त्याचाच हात होता, आणि त्यांच्याकडेच जिंकण्यासाठी मत मागायचे. ज्यूरीच्या कौलावर निकाल लागणाऱ्या रिॲलिटी स्पर्धांची सारी गोम या एका नियमात आहे. लायक विजेता कोण, यावरून गेली पंचवीस वर्षे चाहते हमरीतुमरीवर येतात तेही त्यामुळेच. विषय वरवर करमणुकीचा. पण कृतज्ञता, अपमान आणि हिशेब यांची इतकी उघड सरमिसळ दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळते. या अभ्यासात नव्याने येणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत. दोन-चार जुने खटले त्याच्यापुढे ठेवावेत, आणि माझा कल कुठे आहे तेही लपवू नये, एवढाच या लेखनाचा हेतू.

मराठी प्रेक्षकाला आधी एक सवय मोडावी लागेल. २०१८ मध्ये मेघा धाडे ‘बिग बॉस मराठी’ची पहिली विजेती ठरली, २०२४ मध्ये सूरज चव्हाण जिंकला, दोन्ही वेळा निकाल घरबसल्या मत देणाऱ्या प्रेक्षकांच्या हाती होता. अशा खेळात घरातल्यांशी वाकडे असले तरी चालून जाते, कधी कधी पथ्यावरही पडते. अमेरिकेतल्या ‘सर्व्हायव्हर’मध्ये मात्र प्रेक्षक कितीही हळहळला तरी त्याला मत नाही; विजेता ठरवते ती बाद झालेल्या स्पर्धकांची ज्यूरी.

‘सर्व्हायव्हर’चा पहिला हंगाम २००० साली मलेशियातील पुलाव तिगा बेटावर झाला. सोळा स्पर्धक, ३९ दिवस, बक्षीस दहा लाख डॉलर. रिचर्ड हॅचने चौघांची आघाडी बांधली आणि बाकीच्यांना एकेक करून घरी धाडले. आज ही या खेळाची बाराखडी आहे. तेव्हा अनेकांना ते शुद्ध कपट वाटले. ज्यूरीत सात जण होते. सू हॉकने उभे राहून रिचर्डला साप आणि केली विगल्सवर्थला उंदीर म्हटले, आणि सापाने उंदराला खावे हाच निसर्गाचा क्रम, असे सांगून सापाच्या बाजूने मत दिले. ग्रेग ब्यूइसने दोघांना एक ते दहामधला एक आकडा सांगायला लावला. केली तीन म्हणाली, रिचर्ड सात. ग्रेगच्या मनातला आकडा नऊ निघाला आणि त्याचे मत रिचर्डला गेले. निकाल ४-३. म्हणजे एका मताने लागलेल्या निकालातले एक मत आकडा ओळखण्यावर गेले, किंवा निदान तसे भासवले गेले. (याच बक्षिसावरचा कर चुकवल्यावरून हॅच पुढे तुरुंगात गेला, पण तो ज्यूरीचा दोष नव्हे.)

हॅरॉल्ड गार्फिंकेल या समाजशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात खऱ्या न्यायालयांतल्या ज्यूरी सदस्यांचा अभ्यास केला होता. त्याला आढळले की माणसे बरेचदा आधी निर्णयाशी येऊन पोहोचतात आणि मग तो रास्त ठरेल असा मागचा इतिहास मांडतात. ‘सर्व्हायव्हर’मधले ज्यूरीचे भाषण ऐकताना हे ध्यानात ठेवावे. सांगितलेले कारण आणि खरे कारण एकच असेल असे नाही.

आता या क्षेत्रातला सर्वांत गाजलेला खटला. २००९चा सामोआ हंगाम. रसेल हँट्झने पहिल्याच रात्री आपल्याच गटाच्या बाटल्यांतले पाणी ओतून दिले आणि जेसन या सहकाऱ्याचे मोजे जाळले. पुढे त्याने कसलाही सुगावा नसताना, बाद होण्यापासून वाचवणाऱ्या लपवलेल्या मूर्ती शोधून काढल्या. दोन्ही गट एकत्र आले तेव्हा त्याचे फोआ फोआचे चौघे विरुद्ध गालूचे आठ जण असा सामना होता. तरीही चौघांपैकी तिघे अंतिम फेरीत पोहोचले. नऊ जणांच्या ज्यूरीने नॅटली व्हाइटला सात मते दिली, रसेलला दोन, मिक ट्रिमिंगला एकही नाही. त्याच समारंभात प्रेक्षकांनी रसेलला हंगामातला सर्वोत्तम खेळाडू ठरवले आणि त्याला एक लाख डॉलर मिळाले. रसेलने तिथेच नॅटलीकडून किताब विकत मागितला. तिने दिला नाही.

प्रेक्षक आणि ज्यूरी एकाच खेळाकडे पाहत होते का? मला तसे वाटत नाही. त्या हंगामात कॅमेऱ्यापुढच्या रसेलच्या मुलाखती शंभराच्या वर दाखवल्या गेल्या, नॅटलीच्या जेमतेम पंधराच्या आसपास. प्रेक्षक महिनोन्महिने रसेलच्या डोक्यात राहत होता. ज्यूरी त्याच्या शेजारी झोपत होती. शिवाय ४ विरुद्ध ८ हे गणित उलटायला सुरुवात झाली ती गालूच्या एरिक कार्डोनाला काढल्यापासून, आणि गालूच्या स्त्रियांचे मन त्याच्याविरुद्ध वळवण्यात नॅटलीचा मोठा हात होता. त्याच एरिकने शेवटच्या रात्री तिच्या बाजूने सर्वांत जोरकस भाषण केले. ज्याला बाहेर काढले त्यानेच वकीलपत्र घ्यावे, याहून मोठे कसब या खेळात मला तरी माहीत नाही. आणि ज्याचे मोजे जळले त्या जेसननेही नॅटलीलाच मत दिले. यात आश्चर्य वाटण्यासारखे काय आहे?

अशा निकालाला चाहते ‘कडवट ज्यूरी’ म्हणून मोडीत काढतात. पण अपमानापुढे माणूस पैशावरही पाणी सोडतो, हे प्रयोगांतही दिसले आहे. १९८२ मध्ये व्हर्नर ग्यूट हा अर्थतज्ज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत एक प्रयोग केला. एकाने रकमेची वाटणी सुचवायची. दुसऱ्याला ती मान्य नसेल तर दोघांनाही काही नाही. फारच थोडा वाटा पुढे केला, की पदरात पडणारे पैसे सोडूनही अनेक जण नकार देतात, हे तेव्हापासून पुन्हा पुन्हा दिसले आहे. ज्यूरीला बक्षिसातला वाटा मागता येत नाही. तिला मिळू शकतो तो फक्त मान, आणि रसेलने तोही देऊ केला नव्हता. लगोलग चित्रित झालेल्या पुढच्या हंगामातही तो अंतिम तिघांत आला. तेव्हा सामोआचा निकाल अजून जाहीरही झाला नव्हता. या वेळी सँड्रा डायझ-ट्वाइनला सहा मते, पार्वती शॅलोला तीन, रसेलला शून्य. सँड्रा दुसऱ्यांदा जिंकली. दोन्ही खेपांत तिने वैयक्तिक इम्युनिटीची, म्हणजे बाद होण्यापासून अभय देणारी, एकही शर्यत जिंकलेली नव्हती.

मग जिंकेल तो लायक, असे म्हणून हात झटकायचे का? नाही. ‘बिग ब्रदर’च्या अमेरिकी आवृत्तीचा २००२चा तिसरा हंगाम घ्या. डॅनिएल रेयेस सगळ्यांशी गोड राहून पडद्याआडून सूत्रे हलवत होती. बाहेर पडलेले स्पर्धक मात्र घरी जाऊन तेच भाग टीव्हीवर बघत होते, आणि डॅनिएल एकांतात कॅमेऱ्याला त्यांच्याविषयी काय सांगते ते ऐकत होते. निकाल ९-१, विजेती लिसा डोनाह्यू. डॅनिएलला एकटे मत मिळाले ते तिचा साथीदार जेसन गायचे. पुढच्या हंगामापासून ज्यूरीला बाहेरच्या जगापासून वेगळे ठेवण्यात येऊ लागले. ज्या खेळात गुपित राखणे हेच कौशल्य, त्यात वाहिनीनेच गुपित फोडले, म्हणून मी डॅनिएलवर अन्याय झाला असे मानतो. ‘सर्व्हायव्हर’चा २०१९चा ‘एज ऑफ एक्स्टिंक्शन’ हंगाम थोडा निराळा. क्रिस अंडरवुड सुरुवातीलाच बाद झाला, बाद झालेल्यांच्या बेटावर भावी ज्यूरीच्या संगतीत राहिला, अगदी अखेरीस खेळात परतला आणि ९-४-० असा जिंकला. तो नियमाप्रमाणेच खेळला. खोट नियमातच होती.

माझी कसोटी एवढीच आहे : खेळातून जेवढे कळायला हवे होते तेवढेच ज्यूरीला कळले का, आणि सर्वांना सारखी संधी देणारे नियम होते का. दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर मतदारांची मने ओळखणे हा खेळाचाच भाग ठरतो, आणि आपल्याला न आवडलेला विजेताही लायकच असतो. ही कसोटी सगळ्यांना पटेल असे नाही. शारीरिक शर्यतींना अधिक वजन द्यावे असे मानणारे अभ्यासू चाहतेही आहेत. त्यांनी ‘सर्व्हायव्हर’च्या २००१च्या ऑस्ट्रेलियातील हंगामापासून सुरुवात करावी. तिथे कोल्बी डोनाल्डसनने शेवटची इम्युनिटी जिंकून टीना वेसनला आपणहून अंतिम फेरीत नेले आणि ४-३ असा तिच्याकडून हरला.

इतरांना माझी विनंती सामोआपासून सुरू करण्याची. रसेलची मुलाखत लागली की आवाज बंद करा, आणि छावणीत कोण कोणाजवळ बसते तेवढेच पाहा. मग आपले मत टिपून ठेवा, आणि ज्यूरीची भाषणे त्यानंतरच ऐका.