जर्मन स्मारक तिकीट (वापरलेले) : मूल्यमापन

एखाद्या घटनेच्या, संस्थेच्या वा व्यक्तीच्या स्मरणार्थ जर्मनीत निघालेल्या आणि टपालाचा शिक्का बसलेल्या तिकिटाची किंमत ठरवणे. तिकीट जुने म्हणजे मोलाचे, ही समजूत येथे फारशी उपयोगी पडत नाही. घरोघरच्या अल्बमांत सापडणारी बहुतेक जर्मन तिकिटे लाखांनी छापली गेली होती.

पहिले काम ओळखीचे. ‘डॉइचेस राईख’ हा मजकूर दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा किंवा युद्धकाळातला. ‘डॉइचे बुंडेसपोस्ट’ पश्चिम जर्मनीचा, त्यालाच ‘बर्लिन’ जोडलेला पश्चिम बर्लिनचा, ‘डीडीआर’ पूर्व जर्मनीचा आणि नुसते ‘डॉइचलँड’ १९९५ नंतरचे. त्यानंतर मिखेल कॅटलॉग उघडावा. १९१० पासून निघणाऱ्या या कॅटलॉगात कोऱ्या तिकिटाला दोन तारे, हिंज (अल्बमात चिकटवण्याची कागदी पट्टी) लावलेल्याला एक तारा आणि शिक्क्याच्या तिकिटाला वर्तुळ अशी खूण असते. वर्तुळाखालचा आकडा निर्दोष प्रतीचा असतो. विकताना हाती येते ती त्यातली लहानशी रक्कम.

वापरलेल्या तिकिटात खरे महत्त्व शिक्क्याचे. पश्चिम जर्मनीच्या पहिल्या संसदेच्या उद्घाटनाचे १० फेनिगचे हिरवे तिकीट घ्या. नव्या इमारतीचा सांगाडा उभा राहिल्यावर कामगार माथ्यावर हार चढवतात, ते दृश्य त्यावर आहे. ७ सप्टेंबर १९४९ रोजी ते निघाले. शिक्का कोपऱ्यात, गाव व तारीख वाचता येईल असा असेल तर ते चांगले. पहिल्याच दिवसाचा असेल तर आणखी चांगले. चित्रावर काळा गोळा फासलेला असेल तर किंमत जवळजवळ जाते. भिंगाखाली चारही बाजूंचे दाते मोजावेत, तिकीट उलटे करून कागद पातळ झाला आहे का ते प्रकाशासमोर पाहावे. पाकिटावरचे तिकीट पाण्यात भिजवून सोडवू नये. सबंध पाकीट बहुधा अधिक मोलाचे ठरते.

वापरलेले स्वस्त आणि कोरे महाग, हा सर्वसाधारण नियम. तो उलटतो तेव्हा खबरदारी लागते. १९२२-२३ च्या चलनफुगवट्यात तिकिटांवरचे आकडे ५० अब्ज मार्कांपर्यंत चढले. कोऱ्या तिकिटांचे गठ्ठे उरले, खरोखर पत्रावर चाललेली मात्र कमी. त्यामुळे मागाहून बनावट शिक्के मारण्याचा धंदा चालला. या काळातले महाग सांगितले जाणारे तिकीट तज्ज्ञाच्या सहीशिवाय घेऊ नये. जर्मन परीक्षक संघाचे, म्हणजे ‘बीपीपी’चे, परीक्षक तिकिटामागे आपले नाव उमटवतात आणि ते किती उंचीवर आहे त्यावरून दर्जा कळतो: तळाशी असेल तर प्रत निर्दोष. पूर्व जर्मनीच्या तिकिटांची अडचण निराळी. तिथल्या टपालखात्याने संग्राहकांसाठी कोऱ्या तिकिटांवरच शिक्के मारून ती विकली. खरे टपाल या तिकिटांनी पाहिलेच नाही. मागे डिंक शाबूत आणि कोपऱ्यात नेटका शिक्का दिसला तर तो प्रकार समजावा. देखणे असले तरी किंमत नगण्य.

विक्रीस न येताही वापरल्या गेलेल्या दुर्मीळ तिकिटांची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकवर पश्चिम जर्मनीने बहिष्कार घातला आणि त्यानिमित्तचे तिकीट विक्रीस आलेच नाही. टपालमंत्री कुर्ट ग्शायडले यांच्याकडच्या काही प्रती मात्र त्यांच्या पत्नीने पत्रव्यवहारात वापरल्या. दुसरे ऑड्री हेपबर्नचे, २००१ चे. अभिनेत्रीच्या वारसाने परवानगी नाकारल्याने छापलेला साठा नष्ट केला गेला, तरी मोजक्या प्रती पाकिटांवर निघाल्या. याच तिकिटाच्या वाचलेल्या १० प्रतींच्या एका पानाला २०१० मध्ये बर्लिनच्या लिलावात ४ लाख ३० हजार युरो आले. अशी लॉटरी आपल्या ट्रंकेत सापडेल या आशेवर बसू नये.

भारतीयांच्या हाती जर्मन म्हणून येणारे आणखी एक तिकीट ‘आझाद हिंद’चे. ते १९४३ मध्ये बर्लिनच्या सरकारी छापखान्यात छापले गेले, पण टपालात कधीच चालले नाही. ‘वापरलेले आझाद हिंद’ अशी जाहिरात दिसली तर शिक्का खऱ्या टपालाचा नाही, हे आधीच धरून चालावे.

मोल टिकवायचे तर जपणूकही हवी. नवेगाव बांध (अर्जुनी मोरगाव तालुका, गोंदिया जिल्हा) येथील तलावाकाठच्या घरांत पावसाळ्याची ओल तिकिटांची मोठी शत्रू. तपकिरी ठिपके पडलेल्या प्रतीची किंमत घटते. कोऱ्या तिकिटाचा डिंक याच ओलीने चिकटतो. भिजवून सोडवलेल्या वापरलेल्या तिकिटाला ती भीती नसते. अल्बम उभे ठेवावेत, तिकिटे चिमट्याने हाताळावीत आणि प्लास्टिकच्या बंद पिशवीत कोंबू नयेत. नागपूरच्या मुख्य टपाल कार्यालयातील फिलाटेली ब्यूरोत भारतीय तिकिटे मिळतात. परदेशी तिकिटांचे मोल ठरवणे हे ब्यूरोचे काम नाही. त्यासाठी मिखेल बाळगणारा अनुभवी संग्राहक गाठावा, आणि त्याने सांगितलेला आकडा कॅटलॉगचा की बाजाराचा, हे आधी विचारून घ्यावे.