लहान बोअरची रायफल आणि हरणाची शिकार

नळीचा व्यास साधारण ६ मिलिमीटरच्या आत असलेल्या रायफलींना शिकारीच्या बोलीत लहान बोअरच्या रायफली म्हणतात. ‘पॉइंट टू टू’ ही त्यांतली सर्वांत परिचित. ही रायफल हरणाला पुरते का, हा शिकाऱ्यांमधला जुना वाद आहे. तिची गोळी हरणाचा जीव घेऊ शकते, पण तो लवकर जाईल याची खात्री देऊ शकत नाही. म्हणूनच शिकार कायदेशीर असलेल्या अनेक देशांत ती हरणासाठी वापरता येत नाही. तेवढ्याच व्यासाची, पण जास्त दारू भरलेली काडतुसे काही ठिकाणी फक्त लहान चणीच्या हरणांसाठी चालतात. भारतात शिकारीवरच बंदी असल्याने हा वाद परवान्याचा उरलेला नाही. चोरट्या शिकारीत जनावराचे काय हाल होतात, ते समजून घेण्यासाठी मात्र तो आजही महत्त्वाचा आहे. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुका आणि तिथले काळवीट यांच्या आधाराने या नोंदीत त्याचा विचार केला आहे.

प्रदेश आणि प्राणी

माढा तालुका भीमा आणि सीना या नद्यांच्या पट्ट्यात येतो. सोलापूर जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर. त्यामुळे उंच झाडांच्या जंगलाऐवजी इथे मुरमाड माळ, कुसळी गवत, बोरी-बाभळी आणि रब्बीची ज्वारी असा मुलूख आहे. भीमेवरील उजनी धरण याच तालुक्यात असून त्याच्या पाण्याने माळाच्या शेजारी उसाचे फड उभे राहिले. १९७९ साली जाहीर झालेल्या माळढोक पक्षी अभयारण्याच्या मूळ हद्दीत माढा, मोहोळ, करमाळा आणि उत्तर सोलापूर या तालुक्यांचा भाग होता. ते क्षेत्र सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होते. पुढे हद्द नव्याने आखल्यावर ते १,२२२ चौरस किलोमीटरच्या आसपास उरले. करमाळ्यापलीकडे कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे अभयारण्य आहे. १९८० साली खास काळविटांसाठी राखलेल्या या अभयारण्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर आहे. इतक्याशा जागेत काळवीट मावणार नाहीत. ते वनखात्याची जमीन, गायरान आणि शेतकऱ्याचे रान यांत भेद न करता हिंडतात.

माढ्यात कुणी ‘हरीण दिसलं’ म्हटले की ते बहुधा काळवीटच असते. चिंकारा क्वचित दिसतो. शास्त्रीय दृष्ट्या हे दोन्ही हरिणकुलातले नव्हेत, गवयकुलातले आहेत. चितळ-सांबराची शिंगे दरवर्षी गळून पुन्हा उगवतात. काळविटाची पीळदार शिंगे जन्मभर टिकतात आणि सामान्यतः नरालाच येतात. पूर्ण वाढलेला नर ३४ ते ४५ किलो वजनाचा, खांद्यापाशी सुमारे ८० सेंटिमीटर उंच असतो. मादी त्याहून हलकी. उघड्या माळावर जगणाऱ्या या प्राण्याची भिस्त नजरेवर आणि पायांवर आहे. ताशी ८० किलोमीटरच्या आसपास वेगाने तो धावू शकतो. शिकाऱ्याला म्हणून दुरूनच नेम धरावा लागतो आणि बोअरचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

बोअर, वजन आणि वेग

बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास. गोळीची ताकद मात्र व्यासावर ठरत नाही. ती गोळीच्या वजनावर आणि त्याहून जास्त तिच्या वेगावर अवलंबून असते, कारण ऊर्जेच्या हिशेबात वेगाचा वर्ग धरतात. पॉइंट टू टू लाँग रायफलचे काडतूस तळहातावर घेतले तर करंगळीच्या दोन पेरांएवढेही भरत नाही. त्याच्या टोकाची शिशाची गोळी ज्वारीच्या दाण्याहून थोडी जाड आणि सुमारे २.६ ग्रॅमची, म्हणजे रुपयाच्या नाण्याहूनही हलकी. नळीतून ती सेकंदाला ३३० ते ३८० मीटर वेगाने सुटते. ऊर्जा १४० ते १९० जूल.

पॉइंट टू टू थ्री रेमिंग्टन या काडतुसातल्या गोळीचा व्यास जवळजवळ तेवढाच असतो. वजन मात्र ३.६ ग्रॅमच्या आसपास आणि वेग सेकंदाला ९९० मीटरपर्यंत. ऊर्जा १,७०० जुलांच्या वर जाते, म्हणजे पहिलीच्या नऊ ते बारा पट. थर्टी नॉट सिक्स या मोठ्या काडतुसाची ११.७ ग्रॅमची गोळी ३,९०० जुलांपर्यंत पोचते. म्हणून नुसते ‘लहान बोअर’ म्हटल्याने काहीच ठरत नाही. स्कॉटिश शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यांतले बरेचसे ७ मिलिमीटरच्या, म्हणजे हत्तीच्या मानाने लहान बोअरच्या, रायफलीने. लहान बोअरचे समर्थक हा दाखला हमखास देतात. पण ती गोळी जड, न फुटणारी आणि पूर्ण दारूची होती, आणि हत्तीच्या कवटीची रचना बेल यांनी बारकाईने अभ्यासली होती. पॉइंट टू टूशी तिची तुलना होत नाही.

जखम कशी होते

हरणाचे काळीज आणि फुप्फुसे पुढच्या पायामागे वीतभर जागेत असतात. चांगल्या शिकारी काडतुसाची गोळी शरीरात शिरल्यावर टोकाशी पसरते, आतली ऊती फाडते आणि बऱ्याचदा आरपार जाते. रक्तदाब क्षणात उतरतो आणि जनावर काही पावलांत कोसळते. शिकारीत ‘पुरणे’ या शब्दाचा अर्थ एवढाच आहे : मरण लवकर यावे आणि मेलेले जनावर सापडावे.

पॉइंट टू टूची गोळी या दोन्ही बाबतींत कमी पडते. बरगडीच्या किंवा खांद्याच्या हाडावर ती चेपते, वळते किंवा तिथेच अडते. फुप्फुसात पोचली तरी भोक बारीक राहते. वरचे सैल कातडे त्या भोकावरून सरकते आणि रक्त बाहेर न येता आतच साचत राहते. नेम बोटभर मागे गेला की गोळी पोटात शिरते. तसे जनावर कळपाबरोबर पहिली झेप घेते, शे-दोनशे मीटरवर मागे पडते, पाठ वाकवून उभे राहते आणि मग आडोसा शोधते. माढ्याच्या माळावर जवळचा आडोसा म्हणजे उसाचा फड. एकदा ते फडात शिरले की रक्ताचा माग नसल्याने मारणाऱ्यालाही सापडत नाही. तिथे काही तासांनी, कधी काही दिवसांनी ते मरते. तोडणीच्या वेळी हाडे मिळतात. ही यातना अपघात म्हणता येत नाही, कारण अपुरे हत्यार निवडले तेव्हाच ती ठरून गेलेली असते.

असे असूनही चोरटी शिकार करणारे हीच रायफल पसंत करतात. तिचा आवाज कमी, धक्का नगण्य, काडतूस स्वस्त. रात्री प्रकाशझोत डोळ्यांवर पडला की हरीण जागीच थिजते आणि मग लांबून नेम धरण्याची गरजही पडत नाही. धोका माणसालाही आहे. पॉइंट टू टूची चुकलेली गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते, आणि सपाट माळावर तिला अडवायला टेकाड नसते. वस्तीवरची माणसे, मेंढरांचे वाडे असतात. वेगवान लहान गोळ्यांची गोष्ट थोडी निराळी. नेमबाजी चांगली, अंतर कमी आणि जनावर लहान असेल तर त्या काम करतात. पण यांतल्या काही गोळ्या कोल्ह्यासारख्या लहान प्राण्यांसाठी बनवलेल्या असतात. त्या हरणाच्या खांद्यावर वरच्यावर फुटतात आणि आतपर्यंत पोचत नाहीत.

इतर देशांतील नियम

जिथे हरणांची संख्या आवरण्यासाठी शिकार चालते, तिथे हा अनुभव कायद्यात उतरला आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९१ च्या कायद्यानुसार हरणासाठी किमान पॉइंट टू फोर झीरो बोअर आणि १,७०० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे २,३०० जूल ऊर्जा लागते. २००७ पासून मुंटजॅक आणि चिनी जलहरीण या ठेंगण्या जातींपुरती सवलत आहे : पॉइंट टू टू झीरो बोअर आणि १,००० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १,३५० जूल. स्कॉटलंडमध्ये २०-३० किलोच्या रो हरणासाठीही एवढीच ऊर्जा किमान मानली आहे. जर्मनीत रो हरणासाठी १०० मीटरवर १,००० जूल, तर मोठ्या हरणांसाठी ६.५ मिलिमीटर व्यास आणि २,००० जूल अशी अट आहे. अमेरिकेत दर राज्याचा नियम वेगळा. व्हर्जिनिया राज्यात हरणासाठी किमान पॉइंट टू थ्री बोअरची रायफल लागते.

या मापाने काळवीट तोलून पाहता येतो. त्याचा नर रो हरणाहून जड असल्याने इंग्लंडमधील सर्वसाधारण अट, म्हणजे २,३०० जूल, त्याला लागू धरावी लागेल. पॉइंट टू टूची ऊर्जा या किमानाचा बारावा ते सोळावा हिस्सा भरते. ७०-८० किलोच्या चितळ नराचे आणि दोनशे किलोंच्या पुढे जाणाऱ्या सांबराचे तर नावच नको.

महाराष्ट्रातील शिकारीची रीत

बंदुकीआधी माळावरचे हरीण फाशांनी धरले जाई. फासेपारधी समाजाचे नावच त्या कसबावरून पडले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा अनेक समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो १९५२ साली पुसला गेला, तरी लोकांच्या मनातून पूर्ण गेला नाही. कोल्हापूर संस्थानात काळविटांवर शिकवलेले चित्ते सोडत. भारतातले चित्ते कमी झाल्यावर ते आफ्रिकेतून आणले जात आणि त्यांना सांभाळणारे चित्तेवान दरबाराच्या चाकरीत असत. रायफल आली ती इंग्रज अधिकारी आणि संस्थानिकांबरोबर. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९५१ च्या कायद्याखाली शिकारीचे परवाने दिले जात. त्या काळात जीपगाडी आणि प्रकाशझोत यांची जोड मिळाली आणि देशभरच्या माळांवरून काळविटांचे मोठे कळप दिसेनासे झाले. त्याच वेळी माळ नांगराखाली गेला, त्यामुळे परत वाढायला त्यांना जागाही उरली नाही.

कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार काळवीट आणि चिंकारा दोन्ही अनुसूची १ मध्ये आहेत. कलम ९ शिकारीला मनाई करते. कायद्यातील ‘शिकार’ या शब्दात मारण्याबरोबरच पकडणे, फासे लावणे, हाकणे, जखमी करणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे येते. त्यामुळे ‘गोळी लागली, पण हरीण पळालं’ हा बचाव होऊ शकत नाही. अनुसूची १ मधील प्राण्याच्या शिकारीला कलम ५१ खाली तीन ते सात वर्षे कारावास आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान दंड २५ हजार रुपये झाला. ऑक्टोबर १९९८ मध्ये जोधपूरजवळील कांकाणी येथे दोन काळवीट मारल्याच्या खटल्यात तिथल्या न्यायालयाने ५ एप्रिल २०१८ रोजी अभिनेता सलमान खान यांना पाच वर्षांची शिक्षा सुनावली आणि त्यांनी तिच्याविरुद्ध अपील केले. याच प्रकरणाशी जोडलेल्या वेगळ्या शस्त्रखटल्यात परवान्याची मुदत संपलेली पॉइंट टू टू रायफल आणि रिव्हॉल्व्हर बाळगल्याचा व वापरल्याचा आरोप होता. त्यातून जानेवारी २०१७ मध्ये त्यांची निर्दोष मुक्तता झाली.

पीक आणि हरीण

माढ्यातल्या शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. पंधरा-वीस हरणांचा कळप एका रात्रीत हरभऱ्याचे शेंडे खुडतो आणि कोवळी ज्वारी तुडवतो. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. ती बंदूक काळविटावर चालवण्याची मुभा त्यातून मिळत नाही. अनुसूची १ मधील प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल, किंवा बरा न होण्याइतका जायबंदी वा आजारी असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक कलम ११ खाली त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात. पिकाची नासधूस हे कारण त्यात बसत नाही. शेतकऱ्यापुढे वाट आहे ती राखणीची, कुंपणाची आणि वनविभागाकडून पंचनामा करून भरपाई मागण्याची. ती भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळणे हेच काळविटाचेही खरे संरक्षण आहे.

जखमी काळवीट आढळल्यास त्याचा पाठलाग करू नये, भोवती गर्दी करू नये, तोंडात पाणी ओतू नये. धावपळीने आणि भीतीने या प्राण्याच्या स्नायूंना गंभीर इजा होते आणि गोळीने न मेलेले जनावर धास्तीने मरू शकते. कुत्री दूर हाकावीत, लांब उभे राहून जागा लक्षात ठेवावी आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पंचनाम्यात जखमेचे भोक नोंदवले जाते आणि शवविच्छेदनात गोळी मिळते. कोणत्या बोअरची रायफल होती, हे त्या गोळीवरून कळते.